शाळेतला फॉल: ऑगस्ट ते थँक्सगिव्हिंग, आई-बाबांनी व्हॉलंटिअरिंग कसं करायचं

कॅलिफोर्नियाच्या बे एरियात शाळा ऑगस्टच्या मध्याला उघडते आणि पहिल्याच आठवड्यात मुलांच्या दप्तरातून कागदांचा गठ्ठा घरी येतो. इमर्जन्सी कार्ड, लंचचा फॉर्म, फोटोची परवानगी, आणि त्यातच कुठेतरी ‘व्हॉलंटिअर व्हायला आवडेल का?’ असं विचारणारा एक कागद. बाकीचे फॉर्म आपण त्याच रात्री भरून टाकतो. हा एक मात्र फ्रिजवर चुंबकाखाली अडकून राहतो.

माझी मोठी लेक किंडरगार्टनमध्ये होती तेव्हा मीही तेच केलं. ऑक्टोबरमध्ये त्यांची हाफ मून बेजवळच्या भोपळ्याच्या शेतावर सहल ठरली, मी हौसेनं नाव दिलं, आणि ऑफिसमधून निरोप आला की तुमची कागदपत्रं झालेली नाहीत, आता तीन आठवडे तरी लागतील. सहलीच्या सकाळी ती बसच्या खिडकीतून हात हलवत होती आणि मी पार्किंगमध्ये उभी होते. त्यानंतरच्या सात वर्षांत एकही ऑगस्ट मी तसा जाऊ दिला नाही.

या सात वर्षांत बुक फेअरच्या गल्ल्यावर बसले, रूम पेरेंट झाले, मुलांच्या पाठीवरच्या कार्डांवर धावण्याच्या फेऱ्या मोजल्या, दिवाळीत वर्गभर आकाशकंदील करवून घेतले. शाळेशी आपलं नातं जुळतं ते फॉलमध्ये, म्हणजे ऑगस्ट ते थँक्सगिव्हिंगच्या या पहिल्या महिन्यांत, आणि वेळेवर पूर्ण केलेल्या लहानशा कामातून जुळतं. जानेवारीत पाऊल टाकायला गेलं की गट ठरलेले असतात, कामं वाटली गेलेली असतात. म्हणून हे सगळं महिन्यांच्या क्रमानं सांगते. नियम मी कॅलिफोर्नियाचे सांगतेय. दुसऱ्या राज्यात असाल तर कामाची रीत बरीचशी अशीच असते, पण कागदपत्रं तेवढी आपल्या डिस्ट्रिक्टकडून, म्हणजे आपल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेकडून, विचारून घ्या.

ऑगस्ट: आधी कागदपत्रं

डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर व्हॉलंटिअर फॉर्म असतो. तो भरा आणि फोटो असलेलं ओळखपत्र ऑफिसात दाखवा. वर्षातून एखाद्या कार्यक्रमाला हात लावणाऱ्याला बऱ्याच ठिकाणी एवढंच पुरतं. दर आठवड्याला वर्गात जाणार असाल, सहलीला गाडी चालवणार असाल किंवा मुक्कामी शिबिराला जाणार असाल तर बहुतेक डिस्ट्रिक्ट बोटांचे ठसे मागतात. त्याला इथे लाइव्ह स्कॅन म्हणतात.

लाइव्ह स्कॅनला जाताना शाळेनं दिलेलाच फॉर्म न्यायचा. त्यावर डिस्ट्रिक्टचा कोड असतो आणि अहवाल त्याच कोडवर जातो. मुलीच्या गर्ल स्काउट्ससाठी दिलेले ठसे शाळेला चालत नाहीत, जुन्या डिस्ट्रिक्टमधले नव्या डिस्ट्रिक्टला चालत नाहीत. आणखी एक बारीक गोष्ट: भांडी-धुण्यानं हात कोरडे पडले असतील तर ठसे नीट उमटत नाहीत आणि पुन्हा यावं लागतं. दोन-चार दिवस आधीपासून रात्री हाताला क्रीम लावा.

आता टीबी. मुलांमध्ये वारंवार वावरणाऱ्या व्हॉलंटिअरला टीबीची तपासणी लागते. आधी एक छोटी प्रश्नावली असते. टीबीचं प्रमाण जास्त असलेल्या देशात तुमचा जन्म झालाय का, किंवा तिथे महिनाभर तरी राहिलात का, असा त्यात एक प्रश्न असतो. आपलं उत्तर अर्थातच ‘हो’, त्यामुळे चाचणी करावी लागते. इथे आपल्यासाठी खास खाचखळगा आहे. आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणी बीसीजीची लस टोचलेली असते, दंडावर तिचा व्रण असतो. हातावर सुई टोचून करतात ती त्वचेची चाचणी या लसीमुळे खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. माझा हात दोन दिवसांत टरारून सुजला, मग एक्स-रे, मग पुन्हा डॉक्टरची अपॉइंटमेंट, आणि त्यात पंधरा दिवस गेले. म्हणून पहिल्यांदाच डॉक्टरला सांगा की मला बीसीजी दिलेली आहे, रक्ताची चाचणी करा. क्वांटिफेरॉन हे तिचं रोजच्या वापरातलं नाव. तीही पॉझिटिव्ह आली तर मात्र मनावर घ्या आणि पुढचे उपचार नीट विचारून घ्या, शाळेचा कागद नंतर. एकदा मिळालेलं प्रमाणपत्र चार वर्षं चालतं. त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा, कारण ऑफिसातली फाइल बदलते आणि प्रत पुन्हा मागतात.

गाडी चालवणार असाल तर लायसन्स आणि इन्शुरन्सची प्रत वेगळी द्यावी लागते. आठ वर्षांखालच्या मुलाला मागच्या सीटवर बूस्टर किंवा कार सीट लागतेच. चार फूट नऊ इंच उंची झाली असेल तरच त्यातून सूट. दुसऱ्यांची मुलं गाडीत बसवताना हे मोजून-मापून पाळा. ‘पाच मिनिटांचं तर अंतर आहे’ हे कारण इथे कुणी ऐकून घेत नाही आणि घेऊही नये.

नोकरी आणि व्हिसा

नोकरी आहे म्हणून शाळेत जाता येत नाही, असं धरून चालू नका. एकाच ठिकाणी २५ किंवा जास्त लोक काम करत असतील अशा कंपनीत, कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्यानुसार, मुलाच्या शाळेतल्या उपक्रमांसाठी वर्षाला ४० तासांपर्यंत वेळ काढता येतो, महिन्याला जास्तीत जास्त ८ तास. आधी कळवावं लागतं, शिल्लक रजा त्यात वापरायला सांगू शकतात, आणि शाळेचं पत्र मागू शकतात. पण जाऊ दिलं नाही किंवा गेलात म्हणून त्रास दिला, असं करता येत नाही. कित्येक बाबांना हे ठाऊकच नसतं. माझ्या नवऱ्यानं पहिल्यांदा हे तास वापरले ते दुसरीच्या वर्गातल्या गणिताच्या खेळासाठी, आणि त्या दिवशी वर्गात तो एकटाच बाबा होता. मुलं त्याला सोडायला तयार नव्हती.

एच-फोर व्हिसावर (जोडीदाराच्या नोकरीमुळे मिळणारा, ज्यावर सहसा स्वतः नोकरी करता येत नाही) असलेल्या मैत्रिणी मला नेहमी विचारतात की आम्ही हे करू शकतो का. वर्गात पुस्तक वाचून दाखवणं, बुक फेअर, कार्यक्रमाचा स्टॉल, ही कामं सगळेच आई-बाबा बिनपगारी करतात, त्यात अडचण नाही. पण शाळा ज्या कामासाठी एरवी पगार देते, ते काम ‘तूर्तास फुकट कर’ असं कुणी म्हणालं तर थांबा आणि वकिलाला विचारा.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भारतातून आजी-आजोबा आलेले असतात. लेबर डेनंतरच्या (तो सप्टेंबरचा पहिला सोमवार) पहिल्या रविवारी इथे ग्रँडपेरेंट्स डे असतो आणि काही शाळा त्या आठवड्यात आजी-आजोबांना बोलावतात. एरवी त्यांना वर्गात न्यायचं असेल तर टीचरला आणि ऑफिसला आधी विचारा. पासपोर्ट बरोबर ठेवा.

बॅक टू स्कूल नाइट: काम कोणतं घ्यायचं

ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात ही संध्याकाळ येते. ती आई-बाबांसाठी असते, मुलं सहसा घरी. टीचर वर्षाचा आराखडा सांगते. आपल्या मुलाबद्दल बोलायची ती वेळ नव्हे, त्यासाठी पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरात कॉन्फरन्स असते. दाराजवळच्या टेबलावर साइन-अपचे कागद ठेवलेले असतात. दहा मिनिटं आधी जा, कारण सोयीच्या वेळा भराभर संपतात.

पहिल्या वर्षी दोनच कामं घ्या: एक दर आठवड्याचं लहान, एक कार्यक्रमाचं एकदाचं. दर मंगळवारी साडेआठ ते सव्वानऊ चार मुलांना पुस्तक वाचायला लावणं, हे माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम. मुलं तुम्हाला ओळखू लागतात, तुमच्या मुलाचं नाव नीट उच्चारायला शिकतात, आणि टीचर कोणत्या शब्दांत शिकवते ते तुम्हाला कळतं. ‘माझं इंग्रजी त्यांच्यासारखं नाही’ ही भीती बऱ्याच जणींना असते. सहा वर्षांच्या मुलाला तुमच्या उच्चारांशी घेणंदेणं नसतं, आपण वाचत असताना समोरचा माणूस ऐकतोय का एवढंच ते बघतं.

रूम पेरेंटचं काम वेगळं. ते बहुतांशी ईमेलचं आणि जुळवाजुळवीचं: पार्टीला कोण काय आणणार, टीचरला कशाची गरज आहे, सहलीला किती गाड्या हव्यात. पहिल्याच वर्षी एकटीनं अंगावर घेऊ नका, जोडीनं घ्या.

दिवसा अजिबात जमत नसेल तर घरी करायची कामं मागा. कातरकाम, पुस्तिका जोडणं, शुक्रवारची फोल्डरं भरणं. लॅमिनेट केलेली चित्रं कापायला आली तर कडेनं पाव इंच प्लॅस्टिक सोडून कापा. अगदी कागदाच्या कडेला कात्री लावली की दोन्ही थर सुटतात आणि आठवड्यात चित्र उलगडतं. मी पन्नास अक्षरकार्डं अशी वाया घालवली आणि टीचरनं काही न बोलता ती पुन्हा छापली, तेव्हापासून हे विसरले नाही.

वर्गात गेल्यावरचे नियम थोडे आहेत पण कडक आहेत. आधी ऑफिसात नोंद करून छातीवर स्टिकर लावायचा. धाकट्या भावंडाला बरोबर न्यायचं नाही. कुठल्याही मुलासोबत बंद खोलीत एकटं थांबायचं नाही, बाथरूमला न्यायची वेळ आली तर टीचरला सांगायचं. दुसऱ्या मुलांचे फोटो काढायचे नाहीत. आणि कोणाला वाचता येत नाही, कोण रडलं, कोणाला वेगळ्या वर्गात नेतात, हे पार्किंगमध्ये, व्हॉट्सॲपवर, अगदी त्या मुलाच्या आईशीसुद्धा बोलायचं नाही. एकदा तोंडातून गेलेलं परत घेता येत नाही, आणि टीचरचा विश्वास एकदाच मिळतो.

फॉलमध्येच आणखी एक दार उघडतं, ज्याकडे आपले लोक फारसे वळत नाहीत. स्कूल साइट काउन्सिल म्हणजे टीचर, प्रिन्सिपल आणि निवडून आलेले पालक यांची समिती, आणि शाळेच्या वार्षिक योजनेत काही निधी कुठे खर्च व्हावा यावर तिचं मत चालतं. निवड वर्षाच्या सुरुवातीला होते. इंग्रजी शिकणारी २१ किंवा जास्त मुलं असलेल्या शाळेत त्यांच्या पालकांची वेगळी समिती असावी लागते, तिला ईलॅक म्हणतात. शाळेत नाव घालताना ‘घरी कोणती भाषा बोलता’ या प्रश्नाला आपण ‘मराठी’ लिहितो, तेव्हा मुलाची ३० दिवसांत इंग्रजीची चाचणी होते आणि बरीच मराठी मुलं या गटात येतात. मराठी लिहायला कचरू नका. मूल त्या गटात असेल तर ईलॅकच्या बैठकीला जाऊन बसा आणि चाचणीचा निकाल समजावून मागा. तो तुमचा हक्क आहे.

सप्टेंबर-ऑक्टोबर: जॉगथॉन आणि बुक फेअर

पीटीएचा, म्हणजे पालक-शिक्षक संघटनेचा, वर्षाचा बराचसा पैसा फॉलमधल्या जॉगथॉनमधून येतो. मुलं मैदानाला फेऱ्या मारतात, नातेवाईक देणगी देतात. व्हॉलंटिअर लागतात ते फेऱ्या मोजायला, पाणी द्यायला आणि पडलेल्या मुलाला नर्सकडे न्यायला. मुलांच्या पाठीवर कार्ड लावलेलं असतं आणि प्रत्येक फेरीला त्यावर मार्करनं रेघ ओढायची असते. मार्कर धुऊन निघणारा घ्या, आणि कार्डामागे जाड पुठ्ठा लावा. एका वर्षी आम्ही पक्क्या शाईचे मार्कर वापरले, शाई कार्डातून झिरपली आणि दोनशे नवेकोरे टी-शर्ट पाठीवर काळ्या रेघा घेऊन घरी गेले. फेऱ्या मोजणारी मंडळी वळणावर उभी करू नका, सरळ भागावर करा. वळणावर मुलं एकमेकांवर आदळतात.

इथल्या फॉलमध्ये वणव्यांचा धूर ही खरी अडचण आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅम्प फायर नावाच्या वणव्याच्या धुरानं बे एरियातल्या कितीतरी शाळा १६ तारखेला बंद ठेवाव्या लागल्या होत्या. म्हणून कोणत्याही मैदानी कार्यक्रमाची दुसरी तारीख पहिल्याच बैठकीत ठरवा. आदल्या दिवशी आणि त्या सकाळी हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (एक्यूआय) पाहा. तो १०० च्या वर गेला की दमेकरी मुलांना आत बसवायचं, १५० च्या वर गेला की कार्यक्रम पुढे ढकलायचा. हे आधी लिहून ठेवलं की त्या सकाळी कुणाशी वाद घालावा लागत नाही.

बुक फेअरला चाकांवरची मोठी पत्र्याची कपाटं येतात, पुस्तकासारखी उघडतात, आणि लायब्ररीचं दुकान होतं. पहिल्या दिवशी मुलं नुसती बघून पसंतीची यादी करतात, मग पैसे घेऊन येतात. गल्ल्यावर बसलात की एक प्रसंग दर तासाला येतो. पहिलीतला मुलगा घामेजलेल्या मुठीतून पाच डॉलरची नोट काढतो, समोर ४ डॉलर ९९ सेंटचं पुस्तक ठेवतो. त्यानं घरी आईबरोबर हिशेब केलेला असतो. पण कॅलिफोर्नियात पुस्तकांवर विक्रीकर लागतो. साडेनऊ टक्के धरले तरी ५ डॉलर ४६ सेंट होतात. त्याचा चेहरा बघवत नाही.

यावर उपाय दोन. आठवडाभर आधी सगळ्या वर्गांना निरोप पाठवा की किमतीवर कर लागतो, दर पाच डॉलरमागे आणखी पन्नास सेंट द्या. आणि गल्ल्याजवळ एक पेला ठेवा, ज्यात मोठी माणसं उरलेली नाणी टाकतील आणि अशा मुलांचं कमी पडलेलं त्यातून भागवलं जाईल. आमच्याकडे तीन दिवसांत पेला दोनदा भरतो. मुलांनी पुस्तकाऐवजी खोडरबर आणि चमकणारं पेन घेतलं तर काही बोलू नका. पैसे त्यांचे आहेत, आणि स्वतः केलेली ती बहुधा पहिलीच खरेदी असते.

ऑक्टोबरचा तिसरा गुरुवार भूकंपाच्या सरावाचा, द ग्रेट शेकआउट. २००८ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात सुरू झालेला. तारखेचाच आकडा मिनिटांत असतो: उदाहरणार्थ १५ तारखेला १० वाजून १५ मिनिटांनी. त्या वेळी वर्गात असाल तर मुलांबरोबर टेबलाखाली जा. मोठी माणसं उभी राहिली की मुलं सराव खेळासारखा घेतात. २३ ते ३१ ऑक्टोबर रेड रिबन वीक. अमली पदार्थांविरुद्धचा हा आठवडा १९८५ मध्ये मारले गेलेल्या एन्रिके कामारेना या अधिकाऱ्याच्या स्मरणार्थ पाळतात. घरच्यांचं काम एवढंच की कुठल्या दिवशी लाल कपडे, कुठल्या दिवशी विजोड मोजे, ते लक्षात ठेवणं.

हॅलोविनची पार्टी

आधी टीचरला विचारा की पार्टी हवी आहे का, किती वेळ, खाणं चालेल का. काही शाळा नाव ‘फॉल पार्टी’ ठेवतात, कारण काही घरी हॅलोविन पाळत नाहीत. त्या मुलांना बाजूला बसवावं लागू नये म्हणून भुतं-कवट्या टाळून भोपळे, पानं, कणसं असा विषय घेतला की प्रश्न मिटतो. वेशभूषेत शस्त्रं, रक्त आणि पूर्ण चेहरा झाकणारे मुखवटे बहुतेक ठिकाणी चालत नाहीत.

वर्गात चोवीस मुलं धरा. चार टेबलं, टेबलाला सहा मुलं, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं, जागा बदलायला दोन. साधारण पाऊण तास भरतो. एक चिकटकाम, एक मोजण्याचा खेळ, एक गोष्ट, एक हालचालीचा खेळ. प्रत्येक टेबलावर एक मोठं माणूस आणि घड्याळावर एकीचीच नजर. ग्लिटर नको. शाळेचा सफाई कर्मचारी रात्री ते झाडत बसतो.

गोड वाटायचं असेल तर आधी ॲलर्जीची यादी टीचरकडून घ्या. अमेरिकेच्या कायद्यात नऊ मोठे ॲलर्जन आहेत: दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचाचे जलचर, बदाम-काजूसारखी कवचफळं, शेंगदाणे, गहू, सोयाबीन आणि तीळ. तीळ त्यात २०२३ पासून आले. खाऊऐवजी पेन्सिली, स्टिकर, चेंडू दिले की सगळी मुलं सारखीच घरी जातात. २०१४ पासून देशभर हिरवट-निळा भोपळा दारात ठेवायची पद्धत रुजली आहे. ‘इथे खाण्याशिवायची भेट मिळेल’ अशी ती खूण. पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्क्या सजवून करतात त्या ट्रंक-ऑर-ट्रीटला तुमच्या डिक्कीवर तो जरूर ठेवा.

दिवाळी वर्गात नेताना

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हे काम आपल्याशिवाय कोणी करणार नाही आणि ते नीट केलं तर आपलं मूल वर्षभर ताठ मानेनं बसतं.

न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांना २०२४ पासून दिवाळीची सुट्टी आहे. कॅलिफोर्नियात दिवाळी २०२६ पासून राज्याच्या सुट्ट्यांमध्ये आली, पण शाळा बंद ठेवायची का हे डिस्ट्रिक्ट ठरवतो. दिवाळी दरवर्षी सरकते. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी. कॉन्फरन्सचा आठवडाही त्याच सुमाराला असतो, म्हणून टीचरला ईमेल सप्टेंबरातच करा: अर्धा तास हवा, या दोन कृती, या वस्तू, खाणं नाही, ज्योत नाही.

सरकारी शाळेत पूजा किंवा प्रार्थना करवून घेता येत नाही. १९६३ च्या निकालात इथल्या सर्वोच्च न्यायालयानं शाळेनं चालवलेलं बायबलवाचन आणि प्रार्थना घटनेविरुद्ध ठरवली, पण धर्माबद्दल अभ्यास म्हणून शिकवायला हरकत नाही असंही त्यात म्हटलं. त्यामुळे ‘चला, आपण आरती करू’ नको, मुलांना कुंकू लावणं नको. ‘आमच्या घरी आम्ही असं करतो’ असं सांगा. पहाटे अंधारात उठून उटणं लावून आंघोळ, नवे कपडे, दाराशी पणत्या. पहाटे उठण्याची गोष्ट ऐकताना पहिलीचा वर्ग चिडीचूप होतो.

फराळाचा मोह आवरा. एका ताटलीत काय येतं ते बघा: चिवड्यात शेंगदाणे आणि काजू, चकलीत तीळ, शंकरपाळ्यांत मैदा आणि दूध, लाडवात तूप. नवांपैकी पाच ॲलर्जन एकाच ताटात. पहिल्या वर्षी मी पहाटेपर्यंत चकल्या केल्या आणि डबा ऑफिसातूनच परत आणला. वर्गात तिळाची ॲलर्जी असलेली एक मुलगी होती आणि मी विचारलंच नव्हतं. घरचं खाणं बहुतेक शाळांत चालतही नाही. फराळ टीचर आणि ऑफिसातल्या लोकांसाठी वेगळ्या डब्यात, त्यात काय आहे ते लिहून द्या. त्यांना तो मनापासून आवडतो.

आकाशकंदील ही सगळ्यात यशस्वी कृती. रंगीत जाड कागद लांबीत दुमडायचा, दुमडीच्या बाजूनं चिरा पाडायच्या, उघडून गोल गुंडाळायचा, खाली झिरमिळ्या. पाच-सहा वर्षांची मुलं कात्री थांबवत नाहीत, थेट पलीकडे कापतात आणि कागदाचे तुकडे हातात येतात. म्हणून चिरांच्या रेघा आणि कात्री थांबवायची आडवी रेघ आदल्या रात्री जाड मार्करनं आखून न्या. आडव्या रेघेला मी लाल रंग देते आणि मुलांना सांगते, लाल सिग्नल, गाडी थांबली. दोन-तीन डावखुऱ्या कात्र्या मागून घ्या. आत बॅटरीवरची पणती ठेवली, वर्गातले दिवे मालवले, की चोवीस कंदील एकदम उजळतात. त्या क्षणी मी काही बोलत नाही.

रांगोळीला ठिपक्यांची पद्धत वापरा. कार्डावर पाच बाय पाच ठिपके छापून न्या आणि मुलांना ते जोडू द्या. गणिताचा तास म्हणून टीचरही खूश होते. चिमटीतून रांगोळी सोडणं मुलांना जमत नाही, बाहेर फरशीवर रंगीत खडू उत्तम. वाऱ्याच्या दिवशी रंगीत वाळू काढूच नका.

आणि किल्ला. मुलांनी अंगणात मातीचा किल्ला करायचा ही आपली दिवाळी, भारतातल्या इतर प्रांतांतल्या मुलांनाही ती नवी असते. पसरट ट्रेमध्ये माती, मध्ये डोंगर, वर बुरूज, उतारावर मोहरी किंवा अळीव पेरायचे. आठवडाभर आधी ट्रे वर्गात ठेवला तर मुलं रोज पाणी शिंपडतात आणि चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा होतो. झाडांच्या वाढीचा पाठ त्याच सुमाराला असेल तर टीचर तो त्याला जोडते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. मोठ्या मुलांना रायगडाचा फोटो दाखवून हे सांगता येतं. एकच सांभाळा: ट्रेखाली प्लॅस्टिक अंथरा.

पैसा

फॉल फेस्टिव्हलच्या स्टॉलवर बसलात तर रोख रक्कम दोन माणसांनी एकत्र मोजायची, दोघांनी कागदावर सही करायची, आणि ती रक्कम कोणाच्याही घरी जाऊ द्यायची नाही. यात अविश्वास नाही, उलट यामुळेच कुणावर बोट उठत नाही. खिशातून खर्च करण्याआधी मंजुरी घ्या आणि पावती जपा, पीटीएचं सामान घरच्या किराण्याच्या पावतीत मिसळू नका. सोडत काढायची असेल तर कॅलिफोर्नियात ॲटर्नी जनरलकडे आधी नोंदणी लागते आणि जमलेल्या रकमेतले ९० टक्के धर्मादाय कामालाच जावे लागतात. ‘एक टोपली सोडतीत ठेवू’ असं बैठकीत सहज ठरतं, तेव्हा हा प्रश्न तुम्ही विचारा. हवा भरलेले उड्यांचे किल्ले आणि प्राणी यांबाबतही पीटीएचा विमा काय म्हणतो ते आधी पाहून घ्या.

काम संपल्यावर

आवरायला थांबणारी माणसं नेहमी कमी असतात. साइन-अपवर ‘आवराआवर’ ही वेळ सगळ्यात शेवटी भरते, तीच घ्या. ओळखी तिथेच होतात, खुर्च्या घडी घालताना.

आणि त्याच रात्री, दमलेलं असताना, एक पान लिहा: काय किती लागलं, काय उरलं, काय कमी पडलं, कोणाला विचारावं. पुढच्या वर्षी ते काम दुसऱ्या कोणाकडे जाणार असतं, बहुधा नुकत्याच आलेल्या, कोणालाही न ओळखणाऱ्या एखाद्या आईकडे. माझ्या बुक फेअरच्या वहीतली गेल्या वर्षीची नोंद अशी आहे: एक डॉलरच्या नोटा साठ हव्यात, चाळीस पुरल्या नाहीत. नाण्यांचा पेला सकाळीच ठेवा. लायब्ररीचं मागचं दार आतून अडकतं, किल्ली ऑफिसात डावीकडच्या खणात.